पातळ थर द्या, सावलीत वाळवा

चहा येतोय तोवर एक सांगून टाकतो. तुमच्यापैकी कुणाला मी शहाणा माणूस वाटत असेन, तर तो गैरसमज कप हातात पडायच्या आत मिटलेला बरा. इंग्रजी कच्चं असलं की माणसाचे घोटाळे होतात, असं म्हणतात. माझं इंग्रजी कच्चं नव्हतं हो. माझे दोन-तीन शब्द चांगले पक्के होते, तेच नडले.

आमचा धंदा कोल्हापुरी चपलांचा. शिवाजी पेठेत छोटं दुकान आणि गावाबाहेर कातडं कमावायची जागा. कमावणं म्हटल्यावर भुवया उंचावू नका. कच्चं कातडं चुन्यात टाकायचं, केस काढायचे, मग त्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. कातडं त्यात मुरतं, मग कुजत नाही. याला आम्ही कमावणं म्हणतो आणि मद्रासहून केमिकल विकायला येणारे एजंट याला टॅनिंग म्हणतात. कातडं म्हणजे स्किन, कमावणं म्हणजे टॅनिंग. दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्लेल्या माणसाला हे दोन शब्द झोपेतून उठवून विचारले तरी येत होते.

आता माझ्या भाचीबद्दल. आक्का ही माझी थोरली बहीण, कोडोलीला दिलेली. तिची एकुलती एक मुलगी वंदना. ही पोर चार-पाच वर्षांची असल्यापासून उन्हात गेली की रडायची. साधं रडणं नव्हे. दोन्ही हात पाण्याच्या बादलीत घालून बसायची आणि म्हणायची, "मुंग्या चावत्यात, आतनं चावत्यात." बघावं तर अंगावर काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हात आणि तोंड सुजलेलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला काय काय म्हटलं असेल! लाडावलीय म्हटलं. शेतात तण काढायला, भांगलायला नको म्हणून ढोंग करती म्हटलं. यात मी मागं नव्हतो, उलट चार शब्द जास्तच बोललो असेन.

ती वीस वर्षांची झाली तेव्हा मिरजेच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की हा जन्माचाच दोष आहे, ऊन लागलं की पोरीची कातडी खरोखर आतून भाजते. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. पंधरा वर्षं खरं बोलत होती आणि आम्ही तिला उन्हात ढकलत होतो.

तरी ती शिकली. छत्री, हातमोजे, तोंडाला ओढणी असा सरंजाम घेऊन डी.एड. झाली आणि कोडोलीच्या पलीकडं एका वाडीतल्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. तीन वर्षं नीट काढली की कायम करायचे. दोन वर्षं झाली. पोरं तिच्यावर जीव टाकायची, पण गावातल्या दोन-चार जणांनी कुरबूर सुरू केली. बाई मैदानात येत नाहीत. बाई प्रार्थनेला व्हरांड्यात उभ्या राहतात. मास्तरीण हाय का महाराणी?

हेडमास्तर माणूस चांगला होता. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, सव्वीस जानेवारीला सगळं गाव मैदानात असतंय. कवायत तुम्ही घ्या. एकदा लोकांनी बघितलं की कुनी तोंड उघडणार न्हाई. मी बी चांगला अहवाल देतो."

एवढंच हवं होतं बघा पोरीला. एक दीड-दोन तासांचं ऊन. तेवढं तिला सोसता आलं असतं तर नोकरी हातची जात नव्हती.

आणि देव पावावा तसं झालं. आक्काच्या दिराचा मुलगा नितीन ऑस्ट्रेलियात नोकरीला होता. त्याचा फोन आला, "काकी, हितं असल्या लोकांसाठी नवीन औषध निघालंय. अजून चाचण्या चालल्यात, दुकानात मिळत न्हाई. एका डॉक्टरच्या पाया पडून चार डोस मिळवल्यात. मित्र मुंबईला येतोय, तो तिथनं कुरियर करंल. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवल्याबिगर घेऊ नका." आक्काच्या गल्लीत कुरियर जात नव्हतं, म्हणून पत्ता माझ्या दुकानाचा दिला. आक्कानं मला निरोप दिला तो असा: "सदा, वंदीचं उन्हाचं औषध येनार हाय. जपून ठेव." औषध म्हणाली. कसलं औषध ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात मद्रासचा एजंट येऊन गेला होता. आम्ही त्याला स्वामी म्हणायचो, खरं नाव मला कधी उच्चारता आलं नाही. मी त्याच्यापुढं गाऱ्हाणं घातलं, की बाबा, चप्पल उन्हात कडक होते, तळ फुटतो, गिऱ्हाईक शिव्या घालतं. स्वामी म्हणाला, "सेठ, नया माल आया है. सॅम्पल भेजता हूँ. थोडासा ही लगेगा."

म्हणजे आता दोन पार्सलं यायची होती. एक माणसाच्या कातडीचं, एक म्हशीच्या. तुम्ही हसायला लागलात, पण जरा थांबा, हसण्यासारखं अजून बरंच आहे.

पहिलं पार्सल आलं ते मुंबईहून. थर्माकोलचा डबा, आत चार टीचभर कुप्या, प्रत्येकीच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड, आणि एक इंग्रजी कागद. मी चष्मा लावला. कागदावर पहिल्याच ओळीत टॅनिंग. खाली पुन्हा टॅनिंग. मग स्किन. मग प्रोटेक्ट, आणि सन. सगळे माझ्या ओळखीचे शब्द! कातडं कमावताना घाला, उन्हापासून राखण होते. स्वामीनं शब्द पाळला होता.

तुम्ही विचाराल, पार्सल मुंबईचं होतं ना? होतं. मला वाटलं, मद्रासवाल्यांचं मुंबईत ऑफिस असेल. कुप्या एवढ्याशा? तोच तर म्हणाला होता, थोडंसंच लागेल. आणि कागदावर इंजेक्शन हा शब्द नव्हता का? होता की. तोही मी वाचला. आम्ही कातड्याच्या पिशवीत पाणी भरतो ना, मग आत घालायचं म्हणजे इंजेक्शनच झालं. शहाण्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

त्याच दुपारी मी चारही कुप्या फोडल्या, सालीच्या पाण्यात मिसळल्या आणि ते पाणी म्हशीच्या कातड्यात भरलं. पिशवी टांगली. खाली उभा राहून बराच वेळ तिच्याकडं कौतुकानं बघत होतो.

दोन दिवसांनी दुसरं पार्सल आलं. आत एक पांढरी बरणी, वर नाव नाही, गाव नाही, नुसता हातानं लिहिलेला नंबर. आत पांढरट मलम. सोबत चिठ्ठी, ती मात्र मी शब्दकोश काढून नीट लावली: पातळ थर द्या, सावलीत वाळवा, थेट उन्हापासून दूर ठेवा. सावली, ऊन! हे वंदीचं नाही तर कुणाचं? शिक्का मद्रासचा होता खरा. म्हटलं, ऑस्ट्रेलियाचं विमान मद्रासला उतरलं असेल.

वंदना दिवस मावळल्यावर एसटीनं आली. उजेडाच्या वेळी ती प्रवास टाळायची. बरणी हातात घेतली, झाकण उघडलं आणि हुंगली.

"मामा, ह्येला चपलागत वास येतोय."

"अगं, चपलाच्या दुकानात उभी हायस, दुसरा कसला येनार?"

"आई म्हनती, आधी मिरजेला डॉक्टरास्नी दावायचं."

"मलम लावायला डॉक्टर कशाला लागतोय? इंजेक्शन असतं तर गोष्ट येगळी."

होय, असंच म्हणालो मी. या तोंडानं म्हणालो. तिनं बरणी रुमालात गुंडाळली, पिशवीत अगदी तळाशी ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडली. "मामा, तुमच्यामुळं झालं बघा," म्हणाली. मी म्हटलं, "माझं काय त्यात." पण मनातून फुगलो होतो. लहानपणी तिला ढोंगी म्हटलं होतं ना, त्याची कुठंतरी भरपाई झाली असं वाटलं.

मग तिनं मन लावून ते लावलं. रोज सकाळी पातळ थर आणि घरात बसून वाळवणं. आक्का सांगायची, पोरीचे हात कसे चकाकायला लागलेत. चकाकणारच. थंडीचे दिवस होते, तिनं पाच मिनिटं कोवळ्या उन्हात हात धरून बघितला तर काही झालं नाही. तिनं लगेच मला फोन केला. फोनवर ती बोलत नव्हती, नुसती हसत होती. तिचं तसलं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला मी भल्या सकाळी वाडीला गेलो. झेंडावंदन झालं आणि वंदना मैदानात आली. छत्री नाही, हातमोजे नाहीत, डोक्यावर पदरसुद्धा नाही. पांढरी साडी, गळ्यात शिट्टी. पोरांच्या रांगा उभ्या केल्या आणि कवायत सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. मी पुढच्या खुर्चीत बसलो होतो. शेजारी गावचे एक आजोबा होते. मी त्यांना न विचारता सांगितलं, "माझी भाची हाय ती. तिला ऊन सोसत न्हवतं. औषध मी आनून दिलंय."

"व्हय?" ते म्हणाले. "ब्येस केलंसा पावणं."

अर्ध्या तासानं मला दिसलं, की ती हात झटकतेय. मग शिट्टी तोंडात धरून दोन्ही हात मागं घेतले आणि एकमेकांवर चोळायला लागली. मला कळायला हवं होतं. लहानपणापासून बघत आलेलो मी, मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. पण मी काय केलं? तिची नजर माझ्याकडं वळली तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं असेल, मामा म्हणतोय थोडं अजून.

तिनं कवायत पूर्ण केली. भाषणं झाली, तीही तिनं उन्हात उभं राहून ऐकली. सगळं संपल्यावर ती पळत शाळेमागच्या पाण्याच्या पिंपाकडं गेली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. मी मागोमाग गेलो. ती ओरडत नव्हती. दातांत पदर धरून उभी होती. मला बघितल्यावर पदर सोडून म्हणाली, "मामा, औषध लागू पडलं न्हाय ओ मला."

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडत नव्हते इतकं तोंड सुजलं. हातात खडू धरवेना. तिसऱ्या दिवशी पगारपत्रकावर सही करायला जावंच लागलं, तेव्हा अख्ख्या वाडीनं ते तोंड बघितलं. आतापर्यंत ती नुसती छत्रीवाली बाई होती. आता बाईला रोग झाला. पोरांना लागेल म्हणून आया पोरांना शाळेत धाडेनात. हेडमास्तरांनी घरोघर जाऊन समजावलं, पण भीतीपुढं कुणाचं चालतंय?

मला नितीनचा भयंकर राग आला. एवढ्या लांबून पाठवायचं आणि खोटं पाठवायचं? मी ऑस्ट्रेलियाला फोन लावला.

"तुझं मलम खोटं निघालं रं."

"कुठलं मलम?"

"तूच धाडलेलं. बरणीतलं."

"मामा, मी मलम न्हाई पाठवलं. इंजेक्शनं पाठवलीत. काचेच्या चार कुप्या, आत पांढरी पावडर. त्यानं कातडीचा रंग गडद होतो आणि ऊन बाधत न्हाई. हिकडं त्येला टॅनिंग म्हणतात, उन्हानं काळं होण्याला. मिळाल्या न्हाईत का कुप्या?"

"मिळाल्या," मी म्हटलं.

"मग कुठायत?"

"म्हशीला दिल्या."

तो हळू आवाजात म्हणाला, "का? म्हस आजारी हुती?"

"न्हाय. मेली हुती."

"मामा, तुमी मेलेल्या म्हशीला इंजेक्शन दिलंसा?"

मी फोन ठेवला आणि कातडं कमावायच्या जागेवर गेलो. पिशवी केव्हाच उतरवली होती, कातडं वाळून कापलंही होतं. बाकीच्या कातड्यांत ते कुठलं, हेसुद्धा मला ओळखू आलं नाही. आणि वंदनानं महिनाभर अंगाला चोळलं ते काय होतं? मेण आणि तेल. स्वामीनं धाडलेलं, चपलेचा तळ फुटू नये आणि वर लकाकी यावी म्हणून.

कोडोलीला जाऊन सांगणं भाग होतं. जाताना एसटीत मी दहा तऱ्हेनं जुळवलं. कुरियरवाल्याची चूक, स्वामीची चूक, चिठ्ठीवर नाव नव्हतं ही चूक. घरात गेलो तर वंदना ओलं फडकं हातांना गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. तिला बघितलं आणि जुळवलेलं सगळं विसरलो. होतं तसं सांगून टाकलं. टॅनिंगपासून म्हशीपर्यंत.

आक्का मला शिव्या देते तेव्हा सगळं ठीक असतं. लहानपणापासून ती मला शिव्या देऊनच माया करत आलीय. त्या दिवशी तिनं एकही शिवी दिली नाही. उठली आणि आत जाऊन चुलीपुढं बसली.

वंदना मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती. सुजेतून डोळे अर्धेच दिसत होते.

"म्हंजे मामा," ती म्हणाली, "औषध खोटं न्हवतं?"

"न्हवतं गं. मी खोटा."

"म्हंजे मी अजून घेतलंच न्हाय. घेतलं तर लागू पडंल मला."

आणि पोरगी हसली हो! सुजलेल्या ओठांनी हसली. चार दिवस ती हाताच्या आगीनं रडत नव्हती, जगात आपल्यासाठी औषधच नाही म्हणून रडत होती. माझ्या गाढवपणाची बातमी ऐकून तिला धीर आला. मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. लावला असता तर बरं झालं असतं, मला आज निदान झोप तरी नीट लागली असती.

दुसऱ्यांदा औषध आलं नाही. नितीननं खूप धडपड केली. तो डॉक्टर म्हणाला, चाचणीतलं औषध असं बाहेर देता येत नाही, एकदा दिलं तेच चुकलं. वर्ष सरलं आणि वंदनाला शाळेनं कायम केलं नाही. मी हेडमास्तरांकडं जाऊन सगळी हकीगत सांगितली, चूक माझी, तिची नाही म्हणालो. ते म्हणाले, "मला पटतंय हो. पन कागदावर काय लिहू? मामानं म्हशीला दिलं म्हनून?"

आता वंदना घरीच शिकवते. दिवस कलला की आक्काच्या घरी पुढच्या सोप्यात पोरं जमतात, पंधरा-वीस असतील. जिथल्या आया पोरांना शाळेत धाडायला घाबरत होत्या, त्या वाडीतलीही दोन येतात. मी गुरुवारी दुकान बंद असलं की जातो आणि मागं पोत्यावर बसून राहतो. शिकवताना तिचे हात असे काही फिरतात, की बघत राहावं.

परवा असाच बसलो होतो. पोरांना गोष्ट हवी होती आणि वंदनानं त्यांना हीच सांगितली. तिनं ती हसवत हसवत सांगितली, तिच्या भाजण्याचं सगळं गाळून. नुसता मामा, कुप्या आणि म्हस. पोरं लोळायची बाकी राहिली. मग पुढं बसलेल्या दोन वेण्यांच्या एका पोरीला शंका आली.

"बाई, काळं व्हायचं औषध हुतं न्हवं? मग म्हस काळी झाली?"

"म्हस आधीच काळी हुती की गं."

"मग कोन काळं झालं?"

मीच मागून म्हटलं, "माझं तोंड, बाळ."

पोरं खो खो हसली. मीही हसलो. वंदना नाही हसली. तिनं पाठ फिरवून फळा पुसायला घेतला आणि म्हणाली, "चला, सातचा पाढा म्हणा."